तोंडापुढचा माइक

सिस्टर पहिल्या टेस्टमध्ये नापास झाल्या, पण गाडी येत नव्हती म्हणून नव्हे. शंकूंमधून नागमोडी जाणं, चढावर थांबून पुन्हा निघणं, एकदम ब्रेक लावणं, हे सगळं त्यांनी परीक्षकाच्या डोळ्यांदेखत बिनचूक केलं. मग रस्त्यावरची फेरी सुरू झाली. परीक्षक दुसऱ्या मोटरसायकलवर मागे होता आणि त्याचा आवाज सिस्टरच्या कानात बसवलेल्या छोट्या स्पीकरमधून येत होता. एका तिठ्यावर तो म्हणाला, "उजवीकडे वळा."

सिस्टरनी इंडिकेटर दिला, गिअर उतरवला आणि समोरून येणाऱ्या व्हॅनच्या पुढ्यातून त्या वळल्या. व्हॅनवाल्याचे ब्रेक चांगले होते. परीक्षकाचं पुढचं वाक्य होतं, "गाडी बाजूला घ्या."

सिस्टर सरकारी रुग्णालयात जखमांच्या वॉर्डात होत्या. आरोग्य खात्याने डोंगरापलीकडच्या वस्त्यांसाठी फिरत्या परिचारिकेची जागा काढली होती. घरोघरी जायचं, पट्ट्या बदलायच्या, बिघडतंय असं दिसलं की वेळीच खाली पाठवायचं. गाडी खात्याची, पण लायसन्स स्वतःचं हवं. ही जागा सिस्टरनी मागून घेतली होती. वॉर्डातून बरे करून पाठवलेले लोक महिन्याभरात पाय गमावण्याच्या बेताला परत येतात, हे त्यांनी इतकी वर्षं पाहिलं होतं. खात्याच्या साहेबांनी जागा पुढच्या टेस्टपर्यंत धरून ठेवली होती. त्यानंतर ती यादीतल्या दुसऱ्या माणसाला जाणार होती. तो माणूस ती नाइलाजाने घेणार होता, हेही सगळ्यांना माहीत होतं.

त्यांना गाडी शिकवणाऱ्या बाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणत. त्यांचा नवरा शिकवणीच्या गाड्यांची देखभाल करी, त्याला सगळे मिस्तरी म्हणत. मिस्तरी आणि मास्तरीण मिळून मोटरसायकल शिकवण्याची शाळा चालवत. जुन्या गोदामामागचं सिमेंटचं मैदान त्यांनी भाड्याने घेतलं होतं. मैदानावर धडे झाले की बाई शिष्याला रस्त्यावर काढत आणि स्वतः दुसऱ्या गाडीवरून मागे राहत. त्यांच्या कमरेला वॉकीटॉकी, शिष्याच्या कानात स्पीकर. बाई बोलायच्या, शिष्य ऐकायचा. उलट बोलायची सोय त्या यंत्रात नव्हती, आणि बाईंना ती आजवर लागलीही नव्हती. मिस्तरी त्यांना म्हणत, "तुझं काम बरं आहे. उंटावरून शेळ्या हाकायच्या."

व्हॅनचा प्रकार ऐकल्यावर मास्तरीणबाईंनी पहिला संशय यंत्रावर घेतला.

"आवाज कसा येतो तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"खरखरतो," सिस्टर म्हणाल्या. "वारा लागला की अर्धं कळतं, अर्धं अंदाजाने घ्यावं लागतं."

"म्हणजे तुमचं सगळं लक्ष कानात. डोळ्यांकडे काही उरतच नाही."

"असेल."

"असेल नाही, आहे. यंत्र बदलू."

बाईंना निर्णय घ्यायला वेळ लागत नसे. तो चुकला असं दिसलं तर बदलायलाही लागत नसे. त्यांनी त्याच दुपारी सिस्टरना घेऊन धाकट्या दिराचं दुकान गाठलं.

दिराचं दुकान हेल्मेट, जॅकेटं आणि मोटरसायकलला लावायच्या नाना वस्तूंचं होतं. छताला हेल्मेटं टांगलेली, भिंतीला आरसे. गिऱ्हाइकाने कुठेही पाहिलं तरी त्याला स्वतःची दहा तोंडं दिसत. दीर काउंटरवर इंटरकॉमचे संच मांडूनच बसला होता. मिस्तरींनी त्याला फोनवर कल्पना दिली होती.

"या वहिनी. हा बघा, हा राजा," तो म्हणाला. संच काळा, चपटा, हेल्मेटला लावला तर ओळखूही येणार नाही असा होता. "घाला डोक्यात."

मास्तरीणबाईंनी हेल्मेट घातलं. दिराने फोनवर गाणं लावलं. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, कारण दीर समोर उभा राहून मान हलवत होता.

"कसा आहे?"

"गाणं चांगलं आहे."

"बेस ऐकलात का, बेस? पोटात जाणवतो."

"भावजी, मला हिला वळायला शिकवायचंय. नाचायला नाही."

"वहिनी, दहा जणांची टोळी एकमेकांशी बोलू शकते यावर. कुणाचा आवाज कुठला ते आपोआप..."

"आम्ही दोघीच आहोत. तो कसला?"

दुसऱ्या संचात स्पीकर नव्हतेच. एक पट्टी गालाच्या हाडांवर बसे आणि आवाज हाडांतून आत जाई. कान मोकळे राहत. मास्तरीणबाईंना कल्पना पटली, पण वरून हेल्मेट चढवताच पट्टी रुतायला लागली. सिस्टरनी घालून पाहिलं आणि लगेच काढलं. "तासाभरात इथे वळ उठेल," असं म्हणून त्यांनी गालावरची जागा बोटाने अचूक दाखवली.

काउंटरच्या टोकाला आणखी एक संच होता, तो दिराने पुढे केला नव्हता. करड्या रंगाचा, जाड, एका बाजूने लवचीक दांडी बाहेर आलेली आणि दांडीच्या टोकाला स्पंजची टोपी घातलेला माइक.

"आणि हा?"

"तो डबा आहे, वहिनी. एका बांधकामवाल्याने मागवला होता, क्रेनवाल्याला आणि खालच्या माणसाला बोलायला. काम रखडलं, माल माझ्या गळ्यात. गाणं लावलं तर पत्र्यावर पाऊस पडतोय असं वाटतं."

"राहू दे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "राजा द्या. वापरून बघते, मग सांगते."

राजाने पहिल्या दिवशी कमाल केली. आवाज इतका स्वच्छ होता की सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही माझ्या डोक्यात बसून बोलताय असं वाटतं." त्या दिवशी त्यांची गाडी रेघेवर चालल्यासारखी चालली. बाई म्हणाल्या क्लच, की क्लच. बाई म्हणाल्या आरसा, की आरसा. रस्त्यावर बाईंनी तीन चौक त्यांच्याकडून असे पार करून घेतले की बाजूने चाललेल्या टॅक्सीवाल्यानेही वळून पाहिलं. मास्तरीणबाई मनातल्या मनात टेस्टची चिंता सोडून मोकळ्या झाल्या.

मग एका सिग्नलला सिस्टर पुढे निघून गेल्या आणि बाई लाल दिव्यात अडकल्या. दिवा हिरवा होईपर्यंत सिस्टर रेंजच्या बाहेर गेल्या होत्या. पुढे रस्ता डावीकडे वळत होता आणि सरळ एक गल्ली एका सिमेंटच्या गोदामात शिरत होती. मास्तरीणबाई पोचल्या तेव्हा सिस्टर त्या गोदामाच्या अंगणात, पोत्यांच्या थप्पीसमोर गाडी उभी करून बसल्या होत्या. इंजिन चालू, पाय जमिनीवर, नजर समोर. गोदामाचा हमाल त्यांच्याकडे बघत उभा होता.

"इथे कशा आलात?"

"तुम्ही काही बोलला नाहीत. म्हणून सरळ आले."

"रस्ता डावीकडे वळतोय."

"हो. तो दिसला मला."

हमाल म्हणाला, "ताई, पोती घ्यायचीत की कसं?"

मास्तरीणबाई परतीच्या वाटेवर एक शब्द बोलल्या नाहीत, आणि न बोलता त्यांनी पाहिलं. सिस्टरची गाडी हळूहळू मंद झाली. प्रत्येक कोपऱ्यावर त्यांची मान किंचित तिरकी व्हायची. बघण्यासाठी नव्हे, ऐकण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी दिराला मैदानावर बोलावलं आणि येताना हेल्मेटांचे रिकामे खोके आणायला सांगितलं. त्याने छोटा टेम्पो भरून आणले. मैदानावर पांढऱ्या पट्ट्यांनी एक चौक आखलेला होता. बाईंनी त्या चौकाच्या उजव्या बाजूला खोक्यांची छातीएवढी भिंत रचून घेतली. पलीकडे जाण्यासारखी फटही ठेवली नाही.

"हे काय?" दिराने विचारलं.

"समजा, ट्रक आहे."

"खोके परत हवेत मला, वहिनी."

"बघू."

सिस्टर लांबच्या टोकाहून निघाल्या. दुसऱ्या गिअरमध्ये, सरळ, छान. मास्तरीणबाई मैदानाच्या कडेला उभ्या होत्या, हेल्मेट घातलेलं, काच वर. सिस्टर चौकाजवळ आल्या तशा बाई नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "उजवीकडे वळा."

सिस्टरनी आरसा पाहिला. खांद्यावरून मागे पाहिलं. इंडिकेटर दिला आणि त्या सुबक वळून खोक्यांच्या भिंतीत शिरल्या. भिंत त्यांच्या अंगावर कोसळली. त्या पडल्या नाहीत, गाडी सरळ धरून, डोक्यावर एक खोका घेऊन पलीकडे निघाल्या आणि थांबल्या.

दीर म्हणाला, "ट्रक गेला."

मास्तरीणबाई चालत तिथे गेल्या आणि त्यांनी सिस्टरच्या डोक्यावरचा खोका उचलला.

"खोके दिसले होते?"

"दिसले ना."

"मग?"

"तुम्ही वळा म्हणालात."

सिस्टरनी हे बोलून टाकलं आणि मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी हेल्मेट काढलं. चेहरा उतरला होता. "मी इतकी मूर्ख नाहीये हो," त्या म्हणाल्या.

"मूर्ख असता तर सोपं होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुमची चूक नाही ही. माझी कारागिरी आहे. आठ आठवडे मी तुम्हाला वळा म्हणतेय. कधी म्हणते? आधी मी बघते, रस्ता मोकळा आहे की नाही. मोकळा असला की म्हणते. त्यामुळे तुमच्या डोक्याने हिशेब पक्का केला, वळा म्हणजे मोकळं आहे. परीक्षक वळा म्हणतो तेव्हा तो फक्त वाट सांगतो, मोकळं आहे म्हणत नाही. जुना स्पीकर खरखरत होता ते उलट बरं होतं. थोडी तरी शंका राहायची. राजाने तीही घालवली."

दीर खोके गोळा करता करता म्हणाला, "म्हणजे ऐकावं जनाचं, करावं मनाचं."

"भावजी, म्हण बरोबर आहे. पण मन काय करतंय ते मला मागच्या गाडीवरून कळणार कसं?"

 दीर पुन्हा खोक्यांकडे वळला.

मास्तरीणबाईंनी सिस्टरना मैदानाच्या कठड्यावर बसवलं, पाण्याची बाटली दिली आणि विचारलं, "एक सांगा. वॉर्डात डॉक्टर म्हणाले, अमक्याला हे औषध द्या, की तुम्ही लगेच सुई टोचता?"

"छे," सिस्टर म्हणाल्या. प्रश्नाचाच त्यांना राग आला. "आधी म्हणून दाखवते. मोठ्याने. या खाटेवरचे आजोबा, हे औषध, इतकं, शिरेतून. डॉक्टर हो म्हणाले की बाटलीवरचं नाव वाचते, तेही मोठ्याने. मग पेशंटला त्याचं नाव विचारते. मग."

"आणि डॉक्टरांचं चुकलं असेल तर?"

"तर देत नाही. एकदा बड्या डॉक्टरांनी दहापट सांगितलं होतं घाईत. म्हणून दाखवताना माझ्याच तोंडात अडकलं ते. मी म्हटलं, सर, पुन्हा सांगता का? त्यांनी पुन्हा सांगितलं, बरोबर आकडा. नंतर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत."

"तुम्हाला वाईट वाटलं?"

"मला शांत वाटलं."

मास्तरीणबाई उठल्या. "मग गाडीवर हे का करत नाही तुम्ही?"

सिस्टर म्हणाल्या, "गाडीवर मला तोंडच नाहीये. तुम्ही फक्त कानात असता."

 मग मास्तरीणबाई दिराकडे वळल्या. "भावजी, आपण संच उलट्या बाजूने निवडत होतो. हिला काय ऐकू येतं ते पाहत होतो. आता मला काय ऐकू येतं ते बघू. या बोलतील, मी ऐकेन."

"तुम्ही ऐकाल?" दिराने विचारलं. मग वहिनींच्या तोंडाकडे पाहून तो म्हणाला, "नाही, चांगलंय. दादाला सांगतो."

तिन्ही संचांची पुन्हा परीक्षा झाली, या वेळी रस्त्यावर, मोठ्या पुलावर, जिथे वारा आडवा लागतो. सिस्टर पुढे, बाई मागे. सिस्टरनी दिसेल ते बोलत जायचं.

राजा इथे तोकडा पडला. त्याचा माइक हुशार होता. माणूस बोलायला लागला की तो उघडायचा आणि गप्प झाला की मिटायचा, म्हणजे वाऱ्याचा आवाज आत येऊ नये. पण उघडेपर्यंत पहिला शब्द निसटायचा. बाईंना ऐकू यायचं, "...बस आहे," "...मोकळं," "...नाही." कोण बस, कुठे मोकळं, काय नाही, काही पत्ता नाही. शिवाय सिस्टर हळू बोलल्या तर तो उघडायचाच नाही, आणि विचार करणारा माणूस हळूच बोलतो. हाडांच्या पट्टीचा माइक वारा तेवढा इमानदारीने पोचवत होता. त्यात सिस्टरचा आवाज समुद्रात बुडालेल्या माणसासारखा येत होता.

शेवटी डबा लावला. दीर ओशाळला होता. "वहिनी, हेल्मेटला सोंड आल्यासारखं दिसतं. लोक हसतील."

"हसू देत. हसणारे रस्त्याच्या कडेला असतात."

डब्याचा माइक ओठांपासून बोटभर अंतरावर, कायम उघडा. दोघी एकाच वेळी बोलल्या तरी दोघींना ऐकू यायचं, घरातल्यासारखं. पुलावर वारा सुटला होता. मास्तरीणबाईंच्या कानात पत्र्याच्या डब्यातून यावा तसा, रुक्ष पण अखंड आवाज आला, "पुढे ट्रक. त्याचा डावा दिवा लागतोय बहुतेक. नाही, लागत नाहीये, ऊन पडलंय त्यावर. मी मागेच राहते." मध्ये श्वास घेतला तोही ऐकू आला. गिअर बदलण्याआधी सिस्टर श्वास रोखून धरतात, हे बाईंना आठ आठवड्यांत पहिल्यांदा कळलं.

"हाच," मास्तरीणबाई म्हणाल्या. दिराने डबा त्यांच्या हवाली केला आणि राजा परत काउंटरवर मांडला.

टेस्टपर्यंतचे दिवस बाईंनी दोन गोष्टींवर घालवले. सिस्टरचं तोंड उघडणं ही एक. स्वतःचं मिटणं ही दुसरी, आणि ती जास्त अवघड होती. वाट सांगायची आणि गप्प बसायचं. आरसा नाही, क्लच नाही, सांभाळून नाही.

सिस्टर पहिल्या दिवशी सगळंच बोलत सुटल्या. "डावीकडे चपलांचं दुकान. पाटी लावलीये, अर्ध्या किमतीत."

"ते दुकान तुमच्या आडवं येणार आहे का?"

"नाही."

"मग सोडा त्याला."

दुसऱ्या दिवशी त्या वळून झाल्यावर सांगू लागल्या. "वळले. मागे कुणी नव्हतं."

"बातम्या नकोत मला. आधी सांगा."

"खरंय," कानात आवाज आला. "इंजेक्शन देऊन झाल्यावर नाव विचारल्यासारखं झालं."

त्यानंतर सिस्टरना सूर सापडला. वॉर्डातलाच सूर होता तो, कोरडा आणि सावकाश. "उजवीकडे वळायचंय. आरसा, मागे स्कूटर, लांब आहे. खांदा. समोरून सायकल, मागे गाडी. थांबते. सायकल गेली. गाडी गेली. मोकळं. वळते." कधी बाई मुद्दाम चुकीचं सांगायच्या. एकदा त्यांनी एका एकेरी रस्त्याच्या तोंडाशी म्हटलं, "डावीकडे वळा."

"डावीकडे वळायचंय. आरसा. खांदा." मग श्वासाचा आवाज. "नाही. बाण उलटा आहे. सरळ जाते." आणि जरा वेळाने, "मला माहितीये, तुम्ही मुद्दाम केलंत."

 घरी बाईंनी मिस्तरींना हे सांगितलं तेव्हा मिस्तरी जेवता जेवता म्हणाले, "तो डबा घरीही लावू. तू सांगितलेलं मी आधी म्हणून दाखवत जाईन, मग करायचं की नाही ते ठरवेन."

"तुम्ही म्हणूनच दाखवाल. करायचं राहून जाईल."

टेस्टच्या दिवशी डबा काढून ठेवावा लागला. परीक्षा केंद्राचा नियम साफ होता. परीक्षकाचा स्पीकर सोडून हेल्मेटमध्ये दुसरं काही चालत नाही. मास्तरीणबाईंनी स्वतःच्या हाताने संच काढला आणि दांडी वळवून पिशवीत ठेवला.

"आता माझं कोण ऐकणार?" सिस्टरनी विचारलं.

"तुम्ही."

परीक्षक तोच होता. त्याने सिस्टरना ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. मैदानावरचा भाग पहिल्या वेळेसारखाच निर्दोष गेला. मग दोन्ही गाड्या फाटकातून बाहेर पडल्या आणि मास्तरीणबाई मागे राहिल्या.

परतीची वाट ठरलेली होती. केंद्राच्या फाटकासमोरून मोठा रस्ता जात होता. आत यायला उजवीकडे वळावं लागे, समोरून येणारी सगळी वाहनं ओलांडून. बाई फाटकाच्या खांबाशी उभ्या राहिल्या. तिथून रस्ता दोन्हीकडे दिसायचा, फक्त थांब्यावर एखादी बस उभी असली की तिच्या मागचा भाग झाकला जायचा.

सिस्टर दिसल्या. मागे परीक्षक. रस्त्याच्या मधोमध येऊन त्यांनी उजवा इंडिकेटर दिला आणि थांबल्या. एक पाय जमिनीवर. हेल्मेटची काच पारदर्शक होती, आणि काचेमागे ओठ हलत होते. परीक्षकाने वळायला सांगितलं असणार, कारण सिस्टरनी एकदा मान किंचित हलवली. वळल्या मात्र नाहीत. समोरून गाड्यांची रांग येत होती. ती संपली. बस थांब्यावर उभी राहिली. तिच्या पुढचा रस्ता मोकळा झाला.

मास्तरीणबाईंचा अंगठा कमरेशी गेला, जिथे एरवी बटण असे. "वळा," त्या पुटपुटल्या.

सिस्टर वळल्या नाहीत.

मागे एका मोटारीने हॉर्न दिला. परीक्षकाने पुन्हा काहीतरी सांगितलं. सिस्टरची नजर बसवर होती, बसच्या खालच्या बाजूवर, जिथे चाकांमधून पलीकडचा रस्ता पट्टीएवढा दिसतो. ओठ हलतच होते. "वळा आता," मास्तरीणबाई जरा मोठ्याने म्हणाल्या, आणि तेवढ्यात उभ्या बसला वळसा घालून दुधाची गाडी बाहेर आली. वेगात. सिस्टरच्या पुढच्या चाकासमोरून ती निघून गेली.

सिस्टरनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, खांद्यावरून मागे पाहिलं. मग त्या वळल्या आणि फाटकातून आत आल्या. खांबाशी उभ्या असलेल्या मास्तरीणबाईंच्या जवळून जाताना काचेमागचे शब्द जवळजवळ ऐकू आले. "आत आले. दुसरा गिअर. पहिला. थांबते."

परीक्षकाने हेल्मेट काढलं आणि कागदावर सही केली. तो मास्तरीणबाईंना म्हणाला, "तुमच्या बाई वाटभर कुणाशी तरी बोलत होत्या."

"संच तुमचाच होता. त्यातून उलट बोलता येत नाही."

"म्हणूनच विचारतोय. फाटकाशी मी दोनदा वळा म्हटलं."

"मग?"

"मग बरं झालं," परीक्षक म्हणाला आणि कागद सिस्टरच्या हातात देऊन पुढच्या उमेदवाराकडे गेला.

सिस्टरनी कागद वाचला, घडी घालून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवला आणि खिशाची चेन लावली. पुढच्या सोमवारी त्यांना डोंगरापलीकडे हजर व्हायचं होतं. दोघी परतताना मास्तरीणबाईंनी पुन्हा डबा लावला, एक आपल्या हेल्मेटला, एक सिस्टरच्या. सिस्टर पुढे, बाई मागे. बराच वेळ डब्यातून फक्त इंजिनाचा आणि श्वासाचा आवाज येत राहिला.

"फाटकाशी तुम्ही काय म्हणाला असता?" सिस्टरनी विचारलं.

"वळा म्हणाले असते. म्हणालेही."

"बस उभी असताना?"

"हो."

"मी ऐकलं नसतं," सिस्टर म्हणाल्या. "पुढे गतिरोधक. आरसा, मागे तुम्ही. हळू करते."

मास्तरीणबाईंनी हळू केलं.